खानदेशात झेडपी शाळेवर नवीन लागलात? पहिलं वर्ष कसं काढायचं, पायरी पायरीने

ऑर्डर हातात आली की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, गाव कुठंय आणि एस्टी जाते का. पवित्र पोर्टलवरून (शिक्षक भरतीची सरकारी वेबसाइट) जिल्हा मिळतो, मग समुपदेशनात शाळा मिळते, आणि लातूर, परभणी, सांगलीकडची पोरं-पोरी एकदम धडगाव नाहीतर शिरपूरच्या वरच्या पट्ट्यात येऊन पडतात. त्यांच्यासाठी लिहितोय. इथलेच असाल तरी वाचा, कारण अमळनेरचा माणूस तोरणमाळच्या बाजूला गेला की तोही नवीनच असतो. जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून खानदेश म्हणतात खरं पण रावेर-यावलची केळीच्या पट्ट्यातली शाळा वेगळी, साक्रीची कांदेवाली वेगळी आणि अक्कलकुव्याच्या डोंगरातली तर अजूनच वेगळी. माझं म्हणणं एवढंच आहे की पहिले दोन-तीन महिने धडे संपवायच्या मागे लागू नका, आपल्या वर्गातल्या प्रत्येक पोराला काय येतं आणि ते कोणत्या बोलीत येतं एवढं शोधा. बाकीचं सगळं त्याच्यावर उभं राहतं. वरून दबाव येईल, येऊ द्या, त्याचं काय करायचं ते खाली सांगतो.

पायरी 1 : हजर होण्याआधी

कागदं सगळ्यांना माहीतच असतात, नेमणूक आदेश, वैद्यकीय दाखला, जात वैधता, मूळ प्रमाणपत्रं, प्रत्येकाच्या चार-पाच झेरॉक्स आणि फोटो. एक फाईल पंचायत समितीसाठी, एक शाळेसाठी, एक स्वतःकडे. शिक्षणसेवकाचा, म्हणजे कायम होण्याआधीचा, काळ 3 वर्षांचा, प्राथमिकला मानधन महिना 16,000, आणि शालार्थ आयडी (पगाराच्या सरकारी प्रणालीतला नंबर) निघेपर्यंत पहिला पैसा हातात यायला वेळ लागतो, म्हणून दोन-तीन महिन्यांचा खर्च गाठीशी ठेवूनच निघा. उधारीवर किराणा सुरू केला की गावात तेच नाव पडतं.

हजर व्हायच्या आधी एकदा आठवडे बाजाराच्या दिवशी त्या भागात चक्कर मारा. बाजाराच्या दिवशी सगळा पट्टा एका जागी दिसतो, लोक काय विकतात, काय घेतात, कोणती बोली बोलतात, किती वाजता परततात. मुक्कामी गाडी कुठल्या गावात थांबते ते कंडक्टरला विचारा. गाडी नसेल तर काळी-पिवळी किंवा अ‍ॅपे रिक्षा असते पण ती भरल्याशिवाय हलत नाही, त्यामुळे तिच्या भरवशावर परिपाठाची वेळ गाठायची म्हणजे रोजचा जुगार.

राहायचं कुठं? शक्यतो शाळेच्या गावात, नाही जमलं तर जवळच्या मोठ्या गावात. पहिलं वर्ष तरी तालुक्यावरून रोज 40-50 किलोमीटर बाईक मारू नका. एक तर अंग मोडतं आणि दुसरं म्हणजे संध्याकाळी गाव जेव्हा ओट्यावर बसतं तेव्हा तुम्ही तिथं नसता. मॅडम लोकांनी खोली बघताना भाड्याच्या आधी संडास आणि पाणी बघा, शेजारी कोण राहतं बघा, आणि त्याच केंद्रातल्या (जवळपासच्या शाळांचा गट) दुसऱ्या मॅडमसोबत खोली मिळाली तर सगळ्यात बरं.

पायरी 2 : पहिला दिवस

मुख्याध्यापकांना भेटा, हजेरीवर सही करा, आणि मग लगेच वर्गात जाऊन भाषण ठोकू नका. आधी शाळा फिरून बघा. पाण्याची टाकी कुठं, ती कोण भरतं, संडासला कुलूप का आहे, किल्ली कुणाकडं असते, फळा काळा आहे की नुसता पांढरट झालाय. दोनशिक्षकी शाळा असेल (60 पटापर्यंत दोनच शिक्षक मिळतात) तर पहिली ते चौथी चार वर्ग आणि माणसं दोन, म्हणजे तुमच्याकडं दोन वर्ग येणारच. कोणते ते त्याच दिवशी स्पष्ट विचारून घ्या.

वर्गात गेल्यावर पहिलं काम नावं. हजेरीपटावरचं नाव आणि घरचं नाव वेगळं असतं, पटावर अनिता आणि घरी गल्लीत अन्नी. दोन्ही लिहून घ्या. पहिल्याच दिवशी नावानिशी हाक मारली की पोरगं चमकून बघतं, आणि तेवढ्यानेच अर्धं काम होतं. मोठा वर्ग असेल तर फोनमध्ये बसायच्या ओळीप्रमाणे फोटो काढून ठेवा आणि रात्री नावं घोका (तो फोटो स्टेटसला टाकू नका, कुठंच टाकू नका).

पायरी 3 : बोली. इथं घाई केली की पुढचं सगळं बिघडतं

ही सगळ्यात मोठी पायरी आहे म्हणून इथं जास्त थांबतो.

धुळे, साक्री, शिंदखेडा, अमळनेर, पारोळा इकडे अहिराणी. यावल, रावेर, भुसावळकडे लेवा गणबोली. चाळीसगाव-जामनेरच्या तांड्यांवर बंजाऱ्यांची गोरमाटी. शहाद्याकडच्या गुजर गावांत गुजरी. सातपुड्यात पावरी आणि भिली, नवापूरकडे मावची आणि आदिवासी कोकणी. पहिलीत येणाऱ्या पोराच्या घरात यातली एक बोली असते आणि पुस्तक मात्र पुण्याकडच्या मराठीत. आता तुम्ही म्हणाल अहिराणी म्हणजे मराठीच की. थोडंफार कळेल, पण पोरगं "माले समजनं नही" म्हणालं आणि तुम्ही हसलात की ते परत बोलणार नाही, मग तुम्ही त्याला अबोल म्हणून रजिस्टरमध्ये लिहाल आणि ते पोरगं मधल्या सुट्टीत बाहेर तुफान बडबडत असेल.

म्हणून पहिल्या आठवड्यात निदान एवढी वाक्यं तोंडात बसवा. तुन्हं नाव काय शे. आठे ये. तठे बठ. काय व्हयनं. जेवण व्हयनं का. उच्चार वाकडा झाला तर पोरं हसतील, हसू द्या, गुरुजीला पण शिकावं लागतं हे त्यांना दिसलं तर चांगलंच आहे. पावरी, भिली, मावचीच्या भागात लागला असाल तर मी इथं शब्द देत नाही, कारण एका डोंगराआड बोली बदलते, तुमच्याच गावचे शब्द घ्या. चौथीतली एखादी चुणचुणीत मुलगी, अंगणवाडी ताई नाहीतर पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी, यांच्यासोबत बसून एक वही करा. एका बाजूला चित्र किंवा वस्तू, मधे घरचा शब्द, शेवटी पुस्तकातला शब्द. सुरुवात अंगापासून करा (डोकं, पोट, दुखतंय), मग पाणी, संडास, भूक, घर, मग क्रिया. पोट दुखतंय हे पोराला स्वतःच्या शब्दात सांगता आलं पाहिजे, तो धड्यापेक्षा आधीचा शब्द आहे.

आता श्रुतलेखनाचं. तुम्ही "शाळा" सांगाल आणि लेवा घरातलं पोरगं "शाया" लिहील, "फळा"चं "फया" करील. अहिराणी घरातलं पोरगं "पाणी"चं "पानी" लिहील. नवीन माणूस इथं लाल पेनाने फुल्या मारत सुटतो. जरा थांबून बघा, त्या पोराने काय केलंय? घरी जसा आवाज ऐकला तसा बरोबर अक्षरात उतरवलाय. म्हणजे त्याला अक्षरं येतात! अडचण अक्षराची नाही, बोलीची आहे, आणि दोन्हीवर इलाज वेगळा. फळ्यावर दोन रकाने करा, घरचं आणि पुस्तकातलं, आणि अशा जोड्या पोरांनाच शोधायला लावा. ळ आणि य ची वीस-पंचवीस जोड्यांची यादी भिंतीवर लागली की दिवाळीपर्यंत बहुतेक पोरं आपोआप सावरतात, आणि फुल्या मारून जे पोरगं गप्प झालं असतं ते बोलतं राहतं.

बोलीचं कौतुक म्हणून नाही सांगत, पण बहिणाबाई चौधरी (1880 ते 1951) याच जळगावजवळच्या असोद्याच्या, लेवा गणबोलीत बोलायच्या, त्यांना लिहिता येत नव्हतं, आणि आज उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. एखादा पालक म्हणाला ना की गुरुजी तुम्ही पोराला गावठीच शिकवताय, तर हे सांगा. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पण शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असंच म्हटलंय, त्यामुळे साहेबांनी विचारलं तर ते सांगा.

पायरी 4 : कुणाला काय येतं ते काढा

जूनचा शेवट, जुलैचा पहिला आठवडा यासाठीच ठेवा. एकेका पोराला निंबाखाली बोलवा, पाच मिनिटं पुरतात, बाकीच्यांना चित्र काढायला द्या. वाचनाच्या चार पायऱ्या धरा, अक्षर, शब्द, छोटा उतारा, गोष्ट. गणिताच्या चार, 1 ते 9, दोन अंकी संख्या, हातच्याची वजाबाकी, भागाकार. प्रथम संस्था 2005 पासून असरची (खेड्यातल्या पोरांना वाचन-गणित किती येतं याची) पाहणी करते ती साधारण याच पद्धतीने, आणि तिची साधनं सोपी आहेत, एका पानावर मावतात. निपुणचे (पायाभूत वाचन-गणिताचं सरकारी अभियान) अध्ययन स्तर पण तुम्हाला केंद्रावरून मिळतीलच.

नियम एकच, बसलेल्या पोराला मदत करायची नाही पण घाबरवायचं पण नाही. "चूक" हा शब्द काढू नका, ठीक आहे म्हणा आणि पुढचं द्या. वहीत तारखेसकट टाका. ही वही तुमची स्वतःची, कुठल्या पोर्टलसाठी नाही, त्यामुळे खरं लिहा. चौथीत सहा जण शब्दावर अडकलेले निघतील आणि दुसरीत एखादी मुलगी गोष्ट धाडधाड वाचताना दिसेल, असं प्रत्येक शाळेत होतं.

मग इयत्ता विसरा, रोज निदान एक तास तरी. जे शब्दावर आहेत ते सगळे एका गोलात, मग ते दुसरीचे असोत नाहीतर चौथीचे. चौथीचं पोरगं लाजतं, मान्य, म्हणून त्याला त्या गोलाचा पुढारी करा, खडू वाटायचं काम द्या, लाज निघून जाते.

दोन अंकी संख्येवर हमखास अडकणारी एक जागा सांगतो. सत्तावन्न म्हटलं की पोरं 75 लिहितात, कारण कानाला आधी सात ऐकू येतं. ओरडून हे सुटत नाही. चिंचोके किंवा झाडूच्या काड्या घ्या, दहा-दहाचे गठ्ठे बांधा, पाच गठ्ठे आणि सात सुट्या हातात द्या, मग लिहायला सांगा. बालभारतीने 2019 ला दुसरीच्या पुस्तकात पन्नास सात असं वाचायची सोय दिली तेव्हा टीव्हीवर केवढा गोंधळ झाला होता, पण वर्गात उभं राहिलं की त्यामागचं कारण समजतं. दोन्ही म्हणवून घ्या, पन्नास आणि सात, सत्तावन्न. घरचे आजोबा अजून विसावर मोजत असतील, तीन विसा म्हणजे साठ, तर तेही वर्गात आणा.

आणि इथली पोरं तोंडी हिशेबात वस्ताद असतात हो. दिवाळीच्या आधी आईसोबत कापूस वेचायला जाणारी तिसरीतली मुलगी किलोचा भाव आणि आईचं वजन सांगितलं की मजुरी बिनचूक सांगते, पण तोच गुणाकार फळ्यावर आडवा मांडला की ती थिजते. मग उलटं करा, आधी कापसाची चिठ्ठी, काटा, पावती, आणि मग त्याच हिशेबाला फळ्यावरची मांडणी द्या.

पायरी 5 : दोन वर्ग एका खोलीत कसे सांभाळायचे

डीएडला जे पाठ टाचण शिकवलं ते एका वर्गासाठी होतं, इथं तसं चालत नाही. तीन कामं एकाच वेळी चालू ठेवायची सवय करा. एक गट तुमच्यासमोर जमिनीवर, एक गट वहीत लिहिताना, एक गट जोडीत वाचताना. वीस-पंचवीस मिनिटांनी फिरवा. लिहायचं काम आदल्या दिवशीच फळ्याच्या एका कोपऱ्यात मांडून ठेवा म्हणजे सकाळी आल्या आल्या पोरं बसून सुरू करतात, तुम्हाला हजेरी आणि फोन उरकायला दहा मिनिटं मिळतात.

आवाज वाढवू नका. नवीन शिक्षकाचा घसा श्रावण येईपर्यंत बसतो, मॅडम लोकांचा तर आधीच. तीन टाळ्या, हात वर, नाहीतर नुसतं फळ्यावर एक गोल काढायचा, जी खूण ठरवाल ती महिनाभर बदलू नका. छडीचं तर नावच नको, आरटीई (शिक्षण हक्क) कायद्याच्या कलम 17 प्रमाणे मारणं आणि मनाला लागेल असं बोलणं दोन्ही बंद आहे. गावातले जुने लोकच येऊन सांगतील "गुरुजी, ठोका याले", हसून सोडून द्या. वांड पोराला काम द्या. पाण्याचा हंडा, चपलांची रांग, घंटा. घंटा वाजवायला मिळाली म्हणून रोज शाळेत येणारी पोरं आहेत.

वाचायला साहित्य कमी पडतं अशी तक्रार करू नका, पोरांकडून लिहून घ्या. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी 1924 ला शिक्षक म्हणून लागले, वसतिगृहाचं काम त्यांच्याकडं होतं, आणि तिथल्या मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने दैनिक लिहून लावायचे. तुम्हाला रोज नाही जमणार, आठवड्याला एक कागद तरी भिंतीवर लावा. पोरगं सांगेल ते एक वाक्य तुम्ही मोठ्या अक्षरात लिहायचं, खाली त्याचं नाव. "आमची म्हैस व्याली." "पांझराला पूर आला." नाव लागलेलं पोरगं तो कागद सगळ्यांना वाचून दाखवतं, आणि शब्दावर अडकलेल्यांना उताऱ्यावर न्यायला याच्यासारखं स्वस्त साधन नाही. दीक्षा अ‍ॅप, पुस्तकातले क्यूआर कोड हे सगळं रेंज असेल तिथं वापरा, सातपुड्यात रेंज टेकडीवर असते आणि वर्ग खाली.

पायरी 6 : खिचडी आणि रजिस्टरं

पोषण आहार तुमच्या गळ्यात येईल असं धरूनच चला. तांदूळ पहिली ते पाचवीला प्रत्येकी 100 ग्रॅम, सहावी ते आठवीला 150 ग्रॅम. हजर 42 असतील तर 4 किलो 200 ग्रॅम, हा हिशेब रोज चौथीच्या पोरांकडून करून घ्या, गणित पण होतं आणि साठ्याची नोंद पण. माल उतरताना गोणी मोजून घ्या आणि जमलं तर वजन करा, सही नंतर. चव घेतल्याशिवाय ताटं वाढायची नाहीत, चव नोंदवहीत त्याच दिवशी लिहायचं. मोबाईलवरची रोजची नोंद रेंज आहे तिथं पोचल्या पोचल्या टाका, उद्यावर टाकली की आठवडा साचतो आणि मग हजेरी, साठा आणि अ‍ॅप यांचे तीन वेगळे आकडे होतात. ऑडिटला बोट तिथंच ठेवतात.

यू-डायस, सरल, आधार, अपार हे पोरांच्या माहितीचं सगळं ऑनलाइन भरणं आहेच, नावं बदलत राहतात. त्यासाठी एक डबा करा, प्रत्येक पोराच्या कागदांचा एकेक लिफाफा, जन्मदाखला, आधारची झेरॉक्स, आईवडिलांची नावं आधारवर जशी आहेत तशी. एका अक्षराच्या फरकाने काम अडतं, तेव्हा हा डबा वाचवतो. दर शनिवारी एक तास कागदं, बाकी दिवस वर्ग, असं स्वतःला बांधून घ्या, नाहीतर कागद वर्ग खाऊन टाकतात.

निवडणूक, जनगणना, आपत्ती यांचं काम टाळता येत नाही, आरटीईच्या कलम 27 मध्येच त्याला मुभा आहे. बीएलओची (बूथचं मतदार यादीचं काम) यादी नव्या माणसाकडं लवकर सरकते. मिळालीच तर घरोघर फिरताना सोबत आपली वही ठेवा, शाळेत न येणारी पोरं त्याच फिरण्यात सापडतात.

केंद्रप्रमुख किंवा विस्तार अधिकारी आले आणि धडा कितवा चालू आहे म्हणाले तर पायरी 4 ची वही पुढं करा. जूनला एवढे शब्दावर होते, आज एवढे उताऱ्यावर आहेत. तारखेसकट लिहिलेलं असलं की बहुतेक साहेब खुर्ची ओढून बसतात आणि दोन पोरांना स्वतः वाचायला लावतात. नाही बसले तरी तुमच्याकडं उत्तर तर आहे.

पायरी 7 : गाव

इथं माणसाला हाक मारायची पद्धत शिका. धुळ्याकडं जिभाऊ, इतरत्र आबा, आप्पा, नाना, बापू, दादा, बायांना ताई, मावशी, माय. थेट नाव घेऊ नका. तुम्हाला गुरुजी किंवा सर म्हणतील, मॅडमला मॅडम किंवा बाई. कुणी चहाला, पाण्याला थांबवलं तर थांबा, नाही म्हटलं की मनाला लागतं. हिवाळ्यात वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकर खायला बोलावतात, जा बिनधास्त, पण एकाच घरी सारखं जाऊ नका, गावात दोन पार्ट्या असतातच आणि तुम्ही कुठं जेवलात याचा हिशेब कुणीतरी ठेवत असतो. राजकारणावर तोंड बंद, गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पण.

शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक आणि निम्म्या बाया असायला पाहिजेत असं कायदा म्हणतो. कागदावर असतातच. खऱ्या याव्यात असं वाटत असेल तर मीटिंग दुपारी 2 ला ठेवू नका, त्या वेळी बाई शेतात निंदायला असते. संध्याकाळी स्वयंपाकाच्या आधी, नाहीतर बाजाराच्या दिवशी सकाळी ठेवा. विषय पण "शाळेचा विकास" असला मोघम ठेवू नका, पोराला आईसमोर चार ओळी वाचायला लावा. पुढच्या वेळी शेजारीण पण येते.

पायरी 8 : हजेरी कधी पडणार ते आधीच कॅलेंडरवर लिहा

हे कुणी सांगत नाही. श्रावणात कानबाई (खानदेशात घरोघर बसणारी देवी) बसली की सोमवारी वर्ग अर्धा, पाहुणे आलेले असतात. पोळ्याला बैलं. कपाशी फुटली की ऑक्टोबरपासून मोठ्या मुली वेचणीला किंवा घरी लहान भाऊ सांभाळायला. सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीला, घोडे बघायला आख्खं गाव जातं. होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यात भोंगऱ्या बाजार, त्या दिवसांत डोंगरातल्या शाळेत तुम्ही आणि फळा दोघंच. चिडून काही होत नाही. त्या दिवसांत नवीन काही सुरू करू नका, आलेल्या पोरांचं कच्चं पक्कं करा, आणि परत आलेल्यांना बाजारात काय घेतलं ते बोलायला आणि लिहायला लावा, भिंतीच्या कागदाला महिनाभराचा मजकूर मिळतो.

खरी अडचण दिवाळीनंतरची. नंदुरबार, धुळ्याचे आदिवासी पाडे आणि चाळीसगावकडचे तांडे इथून कुटुंबं ऊसतोडीला निघतात, कुणी गुजरातला, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, आणि होळीच्या आसपास किंवा त्याही नंतर परततात. पोरगं सोबत जातं कारण मागं सांभाळायला कुणी नसतं. हे पोर पटावर असतं, वर्गात नसतं, आणि परत आल्यावर शब्दावरून अक्षरावर घसरलेलं असतं. तर दिवाळीच्या सुट्टीच्या आधीच, सप्टेंबरअखेर, यादी काढा. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) कुणी घेतली हे गावात सगळ्यांना माहीत असतं, दोन कप चहात यादी होते. मग प्रत्येक घरी जाऊन विचारा की आजी, काका, मोठी बहीण कुणी ठेवून घेईल का. हंगामी वसतिगृहाची सोय असते, म्हणजे पोराचं जेवणखाण मागं राहिलेल्या नातेवाईकांकडं किंवा शाळेच्या आधाराने चालतं, त्याचा प्रस्ताव वेळेत जायला लागतो म्हणून मुख्याध्यापकांच्या मागं तेव्हाच लागा. जाणारच असेल तर शिक्षण हमी पत्रक भरून द्या, त्यावर पोराची पातळी लिहिलेली असते आणि जिथं जाईल तिथल्या शाळेत त्यावर बसवून घेतात. गुजरातमध्ये भाषेचा प्रश्न येतो, तिथं पत्रकाचा फार उपयोग होईल असं नाही. म्हणून सोबत एक वही, गोष्टींची दोन पुस्तकं आणि बापाचा चालू नंबर. आठवड्यातून एकदा फोनवर एक पान वाचून घ्या. सगळे उचलणार नाहीत. जे उचलतात ते घसरत नाहीत.

परत आल्यावर त्या पोराला आधीच्या वर्गाच्या धड्यावर बसवू नका. निंबाखाली परत पाच मिनिटं, आणि ज्या गोलात बसेल त्या गोलात.

पायरी 9 : उन्हाळा आणि वर्षाचा शेवट

मार्चपासून सकाळची शाळा होते. भुसावळ-जळगावकडं मे मध्ये पारा 44-45 ला जातो, पत्र्याच्या खोलीत एप्रिलमध्येच बसवत नाही. पहिले दोन तास गणित आणि वाचन, नंतर बाहेर सावलीत तोंडी काम. पाण्याचा माठ वर्गात आणा, पोरं तहान सांगत नाहीत. डोक्याला रुमाल बांधल्याशिवाय घरी सोडू नका, आणि चक्कर, उलटी असलं काही दिसलं तर सावली, ओला फडका, आणि लगेच आरोग्य उपकेंद्र. तुमच्या स्वतःच्या बाईकवर पण पाण्याची बाटली आणि कांदा नाहीतर गूळ असू द्या, घाटात पंक्चर झालं की दुसरं कुणी येईपर्यंत दुपार होते.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात जूनची चाचणी परत घ्या, तीच पानं, तसंच एकेकाला. 1 मे ला निकाल वाटताना पालकाच्या हातात नुसता श्रेणीचा कागद देऊ नका, पोर जूनमध्ये कुठं होतं आणि आता कुठं आहे हे दोन वाक्यांत तोंडी सांगा, त्याच्या बोलीत जमलं तर अजून बरं. अक्षरावरच राहिलेल्या पोरांची नावं वेगळी काढा. त्या प्रत्येकाला सुट्टीसाठी गावातलं एक मोठं पोरगं जोडून द्या, आखाजीला (अक्षय तृतीयेला) मामाच्या गावाला गेलं तर गेलं, पण आधी-नंतरचे दिवस मिळतात. मग बोलीची वही, पातळीची वही आणि कागदांचा डबा कपाटात वरच्या कप्प्यात ठेवा, आणि कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवा, काय कुठं आहे, टाकीची किल्ली कुणाकडं, स्वयंपाकी मावशींचा नंबर, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची यादी. सुट्टीत तुमची बदली झाली किंवा जूनला दुसरा कुणी नवीन हजर झाला तर त्याला शून्यापासून सुरू करावं लागणार नाही.